त्या खोडून ती

मित्रांनो, पाळकसाहेबांच्या खोलीत लोखंडी कपाटावर झाकण घालून ठेवलेला जुना टाइपरायटर म्हणजे मी. सेहेचाळीस कळा, एक रूळ आणि ओळ संपत आली की वाजणारी एक लहानशी घंटा, एवढेच माझे शरीर. कारखान्यात मला तपासणाऱ्या माणसाने एकच वाक्य शंभर वेळा टाइप केले. शंभरही ओळी सारख्या उठल्या, तेव्हा तो म्हणाला, "गुणाचा आहे." त्यानंतर इतके निखळ कौतुक माझ्या वाट्याला आले नाही.

चर्चमध्ये आल्यापासून माझे काम ठरलेले होते. दर शनिवारी सकाळी साहेब माझ्यात स्टेन्सिल चढवत. स्टेन्सिल म्हणजे मेण लावलेला पातळ कागद. माझी अक्षरे त्याला भोके पाडतात, भोकांतून शाई उतरते आणि एका कागदाच्या दोनशे प्रती निघतात. त्या प्रती रविवारी मंडळीच्या हातात पडत. त्यात साहेबांचे चिंतन असे. कधी शास्त्रातला एखादा दाखला, कधी मंडळीतले रुसवेफुगवे, कधी हल्लीचा काळ, म्हणजे टीव्ही, तोकडे कपडे आणि मोडणारे संसार. "साहेबांचं लिखाण म्हणजे चाबूक!" असे लोक म्हणत. चाबूक शेजाऱ्याच्या पाठीवर पडत असला की आवाज गोड लागतो.

उपासनेत ऑर्गन वाजवणाऱ्या एक बाई होत्या. बारा वर्षे वाजवत होत्या, म्हणून सगळे त्यांना ऑर्गनबाईच म्हणत. एका गुरुवारी त्या साहेबांसमोर येऊन बसल्या. नवरा मारतो, सामानाच्या खोलीत कोंडून ठेवतो, म्हणून आठ दिवसांपूर्वी घर सोडून बहिणीकडे आले, असे त्यांनी सांगितले.

"मला बाकी काही नको, साहेब. ऑर्गन तेवढा काढून घेऊ नका. तिथं बसले की मी माणसात असते."

"अहो बाई, भलतंच काय! आणि हे या चार भिंतींच्या बाहेर जायचं नाही, निश्चिंत राहा."

शनिवारी ते माझ्यातून बाहेर गेले. नाव नव्हते. मी टाइप केले ते असे : "आपल्यातल्याच एक बाई. त्या पवित्र सुरांवर बोटे फिरवतात आणि स्वतःच्या घरचा सूर मोडून बाहेर पडतात."

मंडळीचे सेक्रेटरी साहेबांच्या खांद्यावरून वाचत होते. ते बाईंचे थोरले दीर.

"साहेब, 'त्या'? घर सोडून पळालेलीला अहोजाहो?"

"सवय हो. बारा वर्षं तसंच लिहितोय."

"मग मोडा सवय. सोमवारी कमिटी बसतेय. तुमच्या मुदतवाढीचाच विषय आहे."

स्टेन्सिलवरची चूक दुरुस्त करायला एक लाल द्राव असतो. साहेबांनी तो बारीक कुंचल्याने लावला, फुंकर घालून वाळवला. सर्वनाम बदलले की वाक्यातले बाकीचे शब्दही बदलावे लागतात, त्यामुळे काम चार ठिकाणी होते. आपल्यातलीच. ती. फिरवते. पडते. साहेब व्याकरणाला पक्के होते, एकही जागा सुटली नाही.

माझी खोली ऑर्गनच्या भिंतीला लागून आहे. रविवारी पहिले गीत सुरू झाले. ऑर्गन वाजला, पण गाणारे कोणी नव्हते. दोनशे माणसे हातात कागद धरून गप्प उभी होती. बाईंनी चारही कडवी एकट्याने वाजवली. एक सूर चुकला नाही. शेवटी बायकांच्या बाकांवरून आवाज आला, "झालं का गं तुझं?" आणि मागपर्यंत हसू पसरले.

सोमवारी त्या आल्या. कागद त्यांच्या हातातच होता.

"लिहिलंत ते लिहिलंत. पुढच्या पत्रकात एक ओळ छापा. 'ती'च्या जागी 'त्या' वाचावे."

"एका शब्दासाठी शुद्धिपत्रक?" साहेब हसले. "बाई, देव काही व्याकरण बघत नाही."

"देवाचं नाही म्हणत मी. काल मला पोरंसोरंसुद्धा 'ए ऑर्गन' म्हणाली."

"लोकांच्या तोंडाला मी कुठे हात लावू?"

त्यांनी ऑर्गनची किल्ली टेबलावर ठेवली. साहेबांनी ती खणात टाकली. त्याच दुपारी कमिटीने त्यांची मुदत पाच वर्षांनी वाढवली.

बहिणीच्या नवऱ्यानेही पत्रक वाचले होते. "आम्हाला चार लोकांत तोंड दाखवायचंय," म्हणून त्याने बाईंची कपड्यांची पेटी दाराबाहेर ठेवली. मग दुसरे दार कुठले? त्या नवऱ्याकडे परत गेल्या.

तीन आठवड्यांनी दीर त्यांना समेटाच्या कागदावर सही करायला घेऊन आले. बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटे पट्टीत होती.

"काय झालं हो?" साहेबांनी विचारले.

"दारात सापडली," दीर म्हणाले.

बाईंनी डाव्या हाताने सही केली. अक्षर लहान मुलासारखे वेडेवाकडे आले. दिवस शनिवारचा होता, स्टेन्सिल चढवलेलाच होता. साहेबांनी चिंतनाची शेवटची ओळ तिथेच टाइप केली : "प्रार्थनेने एक घर पुन्हा जुळले. त्या आता आपल्या घरी सुखी आहेत."

दीर वाकून वाचत होते. या वेळी त्यांनी काही सुचवले नाही.

मित्रांनो, पुढे संगणक आला आणि माझ्यावर झाकण पडले. साहेबांच्या चिंतनांचे पुस्तक निघाले, त्याला शाबासकीही मिळाली. जुने यंत्र शेवटी विनवते, की माझी धूळ पुसा, मला तेल द्या. मला आता कुणी वापरणार नाही, तेव्हा तेलाची घाई नाही. मागणे आहे ते तुमच्यापैकी जे उद्या लिहू लागतील त्यांच्याकडे. ज्याच्याविषयी लिहाल, ते माणूस समोरच्या खुर्चीत बसले आहे असे समजून लिहा. त्याने सगळ्यांचेच भागते असे मात्र नाही. ती शेवटची ओळ मी टाइप करत होतो, तेव्हा बाई समोरच्या खुर्चीतच बसल्या होत्या.