कस्तुरीचा उजवा पाय

कोरीटच्या हेमकांत पाटलाचा आधी हात चालायचा, मग डोकं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ट्रॅक्टर सुरू झाला नाही तर ट्रॅक्टरला लाथ, लाइट गेली तर वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार, आणि घोडी अडली तर वेत. बरं, माणूस मनाचा वाईट होता म्हणावं, तर तसंही नाही. लेकीवर जीव ओवाळून टाकायचा. पण जीव ओवाळणारा हात आणि मारणारा हात एकच असला की काय होतं, ते त्या दिवशी तापीच्या काठावर साऱ्यांनी पाहिलं.

लेक म्हणजे काजल. विशीतली, काटक, खोगिरावर बसली की हलायची नाही. लांब पल्ल्याच्या घोडदौडीत नाव काढत होती. ही दौड म्हणजे नुसतं घोडं दामटणं नव्हे. ऐंशी किलोमीटर, तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर जनावरांच्या डॉक्टरची तपासणी. घोड्याच्या काळजाचे ठोके ठरल्या वेळात खाली आले पाहिजेत, आणि डॉक्टरसमोर ते न लंगडता दुडकं धावलं पाहिजे. नाहीतर खोगीर उतरवा आणि घरी जा. आजची दौड पुरी झाली की आखाती देशातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतीच्या संघात काजलचं नाव नक्की होतं. कोरीटची पोर विमानात बसून घोडा पळवायला जाणार! हेमकांतने तिच्या पासपोर्टचा फोटो निम्म्या तालुक्याच्या मोबाइलवर पाठवून दिला होता.

आणि घोडी म्हणजे कस्तुरी. सारंगखेड्याच्या यात्रेतून शिंगरू असताना आणलेली, आणि आणली होती ती नाचासाठी. वरातीत ढोल वाजला की पुढचे पाय छातीपर्यंत उचलून अशी थिरकायची, की लोक नवरदेवाला सोडून घोडीचेच व्हिडिओ काढायचे. "हौशी शे मन्ही घोडी," हेमकांत मिशीवर हात फिरवत सांगायचा. काजललाही तेच खरं वाटायचं. ही हौस कशी लावली ते तिने पाहिलं नव्हतं, तेव्हा ती नाशिकला होस्टेलात होती.

गोठ्यामागे दोन खांबांना घोडी करकचून बांधायची. भटूने ढोल वाजवायचा. भटू हेमकांतचाच गडी, ढोल वाजवण्यात पंचक्रोशीत नावाजलेला. ठोक्याला पाय उचलला तर ठीक. नाही उचलला की हेमकांतचा वेत सपकन पायाच्या नळीवर, जिथे हाडावर कातडीशिवाय काहीच नसतं तिथे. कस्तुरी शिकली. पुढे पुढे वेत घरी राहिला तरी चालायचं. ढोल ऐकला की पाय आपोआप वर. बघणारे टाळ्या पिटायचे.

तर त्या दिवशी दुसरी फेरी संपवून काजल आली ती घोडीच्या गळ्यावर हात ठेवूनच.

"आबा, पुढला उजवा पाय दुखी ऱ्हायना तिन्हा. वाटवरला नाल्यापासून लंगडी ऱ्हायनी."

"दगड लागना व्हई."

"दगड नही. नळी गरम शे. हात लाई देखा."

हेमकांतने हात लावला. नळी तापलेली होती, सूजही जाणवत होती. कस्तुरीने पाय झटकन ओढून घेतला आणि दात दाखवले. हेमकांतला कळायचं ते कळलं, आणि कळल्याचाच राग आला. त्याने बर्फाच्या पाण्याची बादली उचलली आणि घोडीच्या मानेवर फेकली, मग दुसरी, मग तिसरी. घोडी थरथरत होती. ठोके तर खाली आणू, पायाचं बघू पुढे, असा त्याचा हिशोब.

शेजारी नंदुरबारच्या कापडवाल्या जिनेशशेठचा मुलगा नमन आपल्या घोड्याचं खोगीर उतरवत होता. घोडा धडधाकट दिसत होता, तरी पावलात काहीतरी चुकतंय म्हणून त्याने स्वतःहून नाव मागे घेतलं होतं. आता घोड्याला गुळाचं पाणी पाजत बसला होता.

"आपनबी काढी लेऊत नाव," काजल हळूच म्हणाली. "मी पुढला साल जासू, आबा."

फाडकन आवाज आला. नमनच्या घोड्यानेसुद्धा मान वर केली.

"पुढला साल तुन्हं लगीन व्हई जाई!" हेमकांत दातओठ खात म्हणाला. "आज नही ते कधीच नही. समजनं का?"

काजलच्या गालावर बोटं उठली. तिने नाव मागे घेतलं नाही. आणि उगाच बापावर सगळं ढकलायला नको, जायचं तर तिलाही होतं. विमानाची स्वप्नं एकट्या हेमकांतला पडत नव्हती.

भटू शेवटच्या स्वागतासाठी ढोल घेऊन आला होता. हेमकांतने त्याला तंबूमागे गाठलं.

"डॉक्टर तपासाले लागनी का ढोल वाजाड."

भटूने घोडीकडे पाहिलं, मग मालकाकडे. "आप्पा, पाय गया तिन्हा. ढोल वाजना ते ती मरी जाई, पन थांबाव नही. तुमले ते मालूम शे."

हेमकांतला मालूम होतं म्हणून तर तो चिडला. त्याने भटूची कॉलर धरली, दोन ठोसे तोंडावर हाणले, तिसरा पोटात. भटू वाकला तसा त्याच्या हातात ढोलाचं टिपरू कोंबलं. "वाजाड. नही ते हात तोडी टाकसू."

तपासणीला डॉ. कामिनी होत्या, पुण्याहून आलेल्या. "घोडी सरळ दुडकी पळवा," म्हणाल्या. हेमकांतने स्वतः लगाम धरला. पहिल्याच पावलांना, उजवा पाय टेकताना, कस्तुरीची मान वर उडाली. डॉक्टर पुढे वाकल्या. आणि तेवढ्यात ढोल धडधडला.

घोडीचे कान मागे गेले, डोळ्यांचं पांढरं दिसलं, आणि पाय उचलले. उजवा, डावा, उजवा, छातीपर्यंत. लंगडणं कुठल्या कुठे गेलं. माणसं शिट्ट्या मारायला लागली. भटूच्या ओठातलं रक्त ढोलावर ठिबकत होतं, पण तिकडे कोण बघतो?

"बंद करा तो ढोल!" डॉक्टर ओरडल्या.

"पाहुण्यांच्या स्वागताचा आहे, मॅडम," हेमकांत लोण्यासारख्या मऊ आवाजात म्हणाला. "आमच्याकडे पद्धत आहे."

ढोल थांबला. डॉक्टरांनी घोडी पुन्हा पळवायला लावली. पण एकदा ठोका अंगात भिनला की कस्तुरी थांबत नसे. वेत कुठून येईल याचा नेम नव्हता ना! ती बिनढोलाचीही नाचतच गेली आणि नाचतच परत आली. डॉक्टर नळी चाचपायला वाकल्या, पण घोडी पाय धरूच देईना.

"लंगडताना दिसत नाही," त्या म्हणाल्या, "पण मला ही चाल पटत नाही. काजल, घोडीवर तू बसणार आहेस. तू सांग, पाय ठीक आहे?"

सगळ्यांच्या नजरा काजलकडे. काजलची नजर बापाच्या हाताकडे. मग पलीकडे, दौड संपते तिथल्या कमानीवरच्या झेंड्यांकडे.

"ठीक आहे, मॅडम," ती म्हणाली.

काजल निघाली. हेमकांतने हार आणवले, गुलाल आणवला. भटूला कमानीखाली उभा केला आणि बजावलं, "बाभयजवळ धुरळा दिसना का वाजाडाले लाग. ती कमान पार करस नही तवलोंग थांबना, ते देख."

ऊन कलायला लागलं तेव्हा बाभळीच्या वळणावर धुरळा उठला. भटूने डोळे मिटले आणि टिपरू मारलं. लोक उठून उभे राहिले. हेमकांतने हार हातात घेतला. आणि धुरळ्यात घोडीचं डोकं दिसलं, ते एकदम खाली गेलं, आणि काजल तिच्या मानेवरून उडून मुरमावर आपटली.

हेमकांत धावला. हार हातातच होता.

काजलचं तोंड रक्ताने माखलं होतं, एक हात खांद्यातून लुळा लोंबत होता, दुसऱ्या हातात लगाम होता. आणि कस्तुरी? तिच्या उजव्या पायाची नळी मोडून हाड कातडीबाहेर आलं होतं. खूर उलटा होऊन नुसत्या शिरांवर लटकत होता. 

ढोल चालूच होता. कमानीपाशी कोणाला काय दिसणार? त्यांना धुरळा दिसत होता, आणि धुरळ्यात पोर जिंकून येत होती.

कस्तुरी उठली.

तीन पायांवर उठली आणि मोडका पाय तिने छातीपर्यंत उचलला. खूर फटकन छातीवर आपटला. मग ठोक्याला पाय खाली टेकवला, उघडं हाड मुरमात रुतलं, आणि ती कोसळली. पुन्हा ठोका. पुन्हा उठली. रक्ताची चिळकांडी हेमकांतच्या सदऱ्यावर उडाली.

"बठ माय, बठ!" काजल किंचाळली. "आबा, ती नाची कसाले ऱ्हायनी? इतला दुखी ऱ्हायना ते नाची कसाले ऱ्हायनी?"

हेमकांतने कमानीकडे पाहिलं, मग घोडीकडे.  "हौस नही ती. मी मारी मारी शिकाडं. तिले वाटी ऱ्हायनं, थांबनू ते वेत बसी."

काजलने लगाम सोडला आणि आपला पडलेला चाबूक उचलून बापाच्या तोंडावर ओढला. एकदा, दोनदा. हेमकांतने हात वर केला नाही. तिसरा फटका बसायच्या आत तो वळला आणि कमानीकडे पळत सुटला. भटू अजून डोळे मिटून वाजवत होता. हेमकांतने ढोल त्याच्या गळ्यातून हिसकला, जमिनीवर आपटला आणि टाचेने चामडं फोडलं. फुटल्यावरही लाथा घालत राहिला. मग कुठे शांत झालं.

तो परत आला तेव्हा घोडी आडवी पडली होती. डॉक्टर गुडघ्यांवर बसून सुई भरत होत्या. घोडीला कायमचं निजवण्यापलीकडे दुसरा इलाज नव्हता. काजल एका हाताने कस्तुरीची मान थोपटत होती. हेमकांत धपकन खाली बसला आणि त्याच्या आतून जो हंबरडा फुटला, त्याबरोबर तो दोन्ही हातांनी जमीन बडवायला लागला. धप. धप. धप.

कस्तुरीचे कान हलले. मोडका पाय वर उचलला गेला.

"तिला हलू देऊ नका, मला शीर सापडत नाहीये!" डॉक्टर ओरडल्या.

काजलने चांगल्या हाताने बापाचं मनगट पकडलं. तिचा आवाज आता अगदी बारीक होता. "आबा, हात थांबाडा. तिले ऐकू यी ऱ्हायनं."

हेमकांतने दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली घातले आणि वर सगळ्या अंगाचा भार टाकून बसला. घोडीचा पाय हळूहळू खाली आला. सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत त्याने हात काढले नाहीत.