भरतीसाठी सोडलेली जागा

मित्रांनो, मी एका निसर्ग-संग्रहालयाचे जुने मॉडेल आहे. पुठ्ठा, प्लायवूड आणि भरपूर गोंद, एवढेच माझे अंग. पाणी म्हणजे माझे मरण, हे आधीच सांगून ठेवते.

बोरिवलीतल्या एका छोट्या ऑफिसात शर्मिष्ठा आणि देवेश या दोन आर्किटेक्टनी मला घडवले. दोघे कॉलेजपासूनचे दोस्त. गोराई खाडीच्या काठी, तिवरांच्या मागे, एका संस्थेला संग्रहालय बांधायचे होते. शर्मिष्ठाने माझे छप्पर नॅशनल पार्कातल्या टेकड्यांसारखे चढते-उतरते केले, भिंतींना काळ्या दगडाचा रंग दिला आणि तिवरांच्या मुळांसारख्या तिरक्या पायांवर मला उभे केले. उधाणाचे पाणी खालून यावे आणि खालूनच परत जावे, हा तिचा बेत. शेजारची बैठी चाळही तिने माझ्या पाटावर चिमुकली करून बसवली होती. ऑफिसात येणारा जो तो वाकून माझे पाय बघायचा, आणि मी हवेत असायचे.

पण आपल्या उपनगरात इमारतीला पाय दिसले, की लोकांना पहिली गाडी आठवते. संस्थेचे अध्यक्ष विद्याधरसाहेब मला बघून म्हणाले, "एवढी जागा वाया? भराव टाका खाली. पार्किंग होईल झकास!"

देवेशने भराव म्हणून थर्माकोल कापून माझ्या पायांत घट्ट बसवला. शर्मिष्ठा भडकली.

"हे काम गेलं तर ऑफिसला टाळं लागेल, शमे. लावू दे ना त्यांना गाड्या."

"आणि पाणी कुठे जाईल रे?"

"ते नंतर बघू."

"नंतर चाळीतले लोक बघतील. पलंगावर चढून!"

दोघांनी मला रिक्षात मांडीवर घेतले आणि संस्थेच्या अंधेरीतल्या बैठकीला नेले. वाटभर माझा जीव टांगणीला लागला होता.

भराव बघताच साहेब खूश झाले. "आता कसं बोललात!" म्हणत त्यांनी मंजुरीच्या सहीसाठी पेन काढले. तेवढ्यात शर्मिष्ठाने टेबलावरचा पाण्याचा जग उचलला.

"ए, वेडी झालीस का?" देवेश पुटपुटला. मला तोंड असते, तर मी किंचाळले असते.

तिने खाडीच्या बाजूने पाणी ओतले. ते भरावावर आपटले, वळले आणि सरळ चाळीत घुसले. पुठ्ठ्याची घरे सुटली. त्यातली दोन पाटावरून वाहत थेट साहेबांच्या मांडीत पडली. काम गेले, हे देवेशच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होते.

मग तो उठला. त्याने स्वतःच्या हाताने माझ्या पायांतला थर्माकोल उपटून काढला आणि म्हणाला, "परत ओत."

दुसऱ्या वेळी पाणी माझ्या पायांमधून गेले. उरलेली घरे जागची हलली नाहीत. माझा एक पाय मात्र भिजून वाकला, मग तुटला, आणि मी एका अंगावर कलंडले. फार भीती वाटली, मित्रांनो.

साहेबांनी मांडीतले ओले घर उचलून पुन्हा पाटावर ठेवले. म्हणाले, "गाड्या रस्त्यापलीकडे लावू. खालची जागा मोकळीच राहू दे." आणि त्यांनी सही केली.

आता मी ऑफिसच्या माळ्यावर धूळ खात पडले आहे. अंग फुगलेले, रंग उडालेला. काचेच्या पेटीत माझ्या जागी नवे, अॅक्रिलिकचे मॉडेल दिमाखात उभे असते. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? तरी मला दुरुस्त करा, असे मी म्हणणार नाही. एकच मागते. पाण्याच्या वाटेवर कोणी भराव टाकायला निघाले, तर तिथल्या तिथे अडवा. मी पुठ्ठ्याचे. चार दिवसांत माझ्यासारखे दुसरे तयार होते. खाडी बुजवली, तर ती पुन्हा कोण करून देणार?