युस्टीनाचं यंत्र

आमच्या गावातल्या सरकारी शाळेची उत्तरेकडची बाजू मेनोनाइट, म्हणजे आमच्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथातल्या मुलांसाठी आहे. सकाळी प्रार्थना, मग जर्मनमधून बायबल. मुली लांब झग्यात, दोन वेण्या घालून येतात. टीव्ही नाही, संगणक नाही, नाचगाणं नाही. बाकी गणित-इंग्रजी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या इतर शाळांसारखंच. हे सगळं ठरलं तेव्हा आमच्या लोकांनी मुलं शाळेत घातली. त्याआधी ती बटाट्याच्या शेतातच मोठी व्हायची. मी तिथं मदतनीस आहे. मुख्याध्यापिका लिंडक्विस्टबाईंना आमची जर्मन बोली येत नाही आणि मुलांच्या आयांना इंग्रजी येत नाही, म्हणून मधे मी, सारा बर्गेन.

युस्टीना फेर तेरा वर्षांची. एकदा ऐकलेलं स्तोत्र तिला जन्मभर पाठ, पण कागदावरची अक्षरं तिच्यासमोर जागा सोडून पळायची. पहिलीतली पोरं तिच्यापेक्षा भरभर वाचत. ती हसून म्हणायची, "मावशी, माझ्या डोक्यात बटाटे भरलेत." हसायची खरी, पण पुस्तक उघडायची वेळ आली की हिचं पोट दुखायचं.

लिंडक्विस्टबाईंनी तिच्यासाठी एक यंत्र आणलं. पानावर धरलं की ते कानात वाचून दाखवी. बाईंच्या सांगण्यावरून मी तिच्या आईला, हेलेनाला, विचारलं. ती एप्रनच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "ऐकू दे तिला. आयझॅकला मी सांगते, तू नको बोलूस." पण नवऱ्याला सांगायला काही तिला जमलं नाही.

मागच्या छोट्या खोलीत युस्टीना ते कानाला लावून बसायची. एकदा गाय विताना अडते, असा धडा होता. ती ताडकन उठली. "मावशी, आमच्या लाल गायीचं अस्संच झालं होतं! पुस्तकात आहे!" त्या दिवशी घंटा झाली तरी बाहेर येईना.

वर्गातल्या कुणीतरी घरी सांगितलं. पुढच्या रविवारी चर्चबाहेर त्याचीच कुजबुज होती, आणि सोमवारी आयझॅक फेर आणि आमचे उपदेशक डेव्हिड, ज्यांना आम्ही मानानं 'ओम' म्हणतो, टोप्या हातात घेऊन शाळेत आले. मागे हेलेना.

"बाईंना सांग, आम्ही भांडायला आलो नाही," ओम डेव्हिड मला म्हणाले. "या शाळेनं आमचा मान राखला, तो कुणीच राखला नव्हता. पण असली यंत्रं आणणार नाही, असा शब्द दिला होता त्यांनी."

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्यात चित्रं नाहीत, इंटरनेट नाही. ते फक्त वाचतं."

"सुरुवातीला फक्त वाचतंच," ओम शांतपणे म्हणाले. "उद्या दुसरं मूल मागेल, परवा तिसरं. मग आमची पोरं इथं कशाला पाठवायची? घरीच शिकवू."

सगळी घरं त्यांचं ऐकतात, हे बाईंना माहीत होतं. मुलं गेली की ती बाजू बंद.

आयझॅकनं बुटाकडं बघत म्हटलं, "अक्षरं मलाही लागत नाहीत. काय अडलं माझं? गुरं काही वाचायला सांगत नाहीत."

"हेलेनाला काय वाटतं ते विचार," बाई म्हणाल्या.

मी विचारलं. हेलेनाचे ओठ हलले. मी वाट पाहिली. बाईंनीही पाहिली. मग ती म्हणाली, "आयझॅक म्हणतात तसं."

मी तेच इंग्रजीत सांगितलं. दुसरं काय सांगणार? कुणी बोललं तेवढंच पोचवायचं, हेच माझं काम.

युस्टीना बाहेर बाकावर बसली होती. तिला कुणी आत बोलावलंच नाही.

ते सगळे गेल्यावर बाईंनी यंत्र खोक्यात घातलं. "एकीसाठी सगळ्यांना कशी घालवू?" त्या म्हणाल्या. मला विचारत होत्या की स्वतःला, कळेना.

मग मी मधल्या सुट्टीत युस्टीनाला वाचून दाखवू लागले. पण लहान मुलांचे डबे, नाकं, भांडणं. रोज कुणीतरी मला ओढून न्यायचं. युस्टीना पुस्तक मांडीवर घेऊन बसे. काही दिवसांनी म्हणाली, "राहू दे मावशी, तुला खूप कामं असतात." पुढं ती पुस्तक आणेनाशीच झाली.

वसंतात आयझॅकनं तिला शाळेतून काढलं. घरी शिकवतो म्हणाला. कायद्यानं तसं चालतं. बाईंनी शिक्षण खात्यात वर विचारलं, फेरांच्या घरी जाऊन बसल्या, कॉफी पिऊन परत आल्या.

एका रविवारी दुपारी मीही गेले. ताजे पाव, जॅम, चीज, सगळं व्यवस्थित. युस्टीनानं कॉफी ओतली, बहिणीचं बाळ कडेवर घेतलं आणि आत गेली. हेलेना मला गाडीपर्यंत सोडायला आली.

"सारा, त्या दिवशी तू सांगायचं होतंस गं."

"काय सांगायचं होतं?"

"मला जे म्हणायचं होतं ते."

"तू म्हणालीच नाहीस, हेलेना. मी कुठून सांगू?"

"पण तुला माहीत होतं."

"होतं."

वाऱ्यानं तिचा डोक्यावरचा रुमाल उडत होता. तिनं तो घट्ट बांधला. आतून आयझॅकनं हाक मारली. "आले," म्हणाली आणि घरात गेली. मी गाडी सुरू केली.

या वर्षी आमची बाजू भरली आहे. मेक्सिकोहून आमच्याच पंथाची नवी कुटुंबं आलीत, आणखी एक खोली उघडावी लागली.