बिनवासाची ऊब

दूध उतू गेलं आणि शेगडी विझली. ताई धावत येईपर्यंत तिच्या धाकट्या भावाने दोनदा खोल श्वास ओढला होता. बटण उघडं होतं, बर्नर सूं-सूं करत होता, आणि वास होता तो नुसत्या करपल्या दुधाचा.

त्याने बटण फिरवलं. खिडकी सताड उघडली.

"वेड लागलं का रे? आईला आत्ता कुठे ऊब लागतेय!" ताई म्हणाली. "साऱ्या गावाला वास पुरवणारा तू, आणि दुधाला भ्यालास?"

गॅसला आपला असा वास नसतो. गळती कळावी म्हणून वेशीवरच्या गॅस स्टेशनात तो मिसळावा लागतो, आणि एकोणीस वर्षं ते काम धाकट्याच्या हातचं. अकरा दिवसांपूर्वी शेजारच्या देशाने गावाचा पुरवठा तोडला. पलीकडच्या मुलखाला जाणारी मोठी पाइपलाइन तेवढी वास न मिसळलेल्या गॅसने भरून वाहत होती. तिच्यातून चोरी होते. चोर द्या, गॅस घ्या, असं तो देश म्हणे. आमच्याकडे फुंकरभरही चोरी नाही, असं इकडचा रेडिओ सांगे.

दाजींना मात्र ओळखीने सिलिंडर मिळाला होता म्हणे. म्हणून तर दमेकरी आईला धाकट्याने पाठुंगळी घेऊन इथे आणलं होतं.

पण सिलिंडरच्या गॅसलाही वास असतो.

दाजी दारात आले, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर. मेहुण्याची नजर शेगडीमागे भिंतीत शिरलेल्या पाइपवर थांबलेली त्यांनी पाहिली.

"माझ्या हातचा जोड आहे तो," ते म्हणाले. "जन्मात सुटायचा नाही."

"सुटलाच तर कळणार कसं, दाजी?"

दाजींनी कपाळावरचा चष्मा उतरवला. ताईच्या हातातल्या फडक्यातून दूध ठिबकत राहिलं.

"आमचं नाव सांगणार आहेस का तू?" तिने विचारलं.

आतल्या खोलीतून खोकल्याची उबळ आली, मागोमाग आईचा आवाज.

"खिडकी कुणी उघडली गं? हाडं वाजायला लागली माझी."

धाकटा खिडकीशी गेला. समोरच्या घरात नवराबायको अंगात कोट घालून, टोप्या घालून जेवत होती. बाईने वर पाहिलं, ओळखीचं हसली. त्याने खिडकी ओढून घेतली, कडी लावली.

"उद्या स्टेशनातून वासाची बाटली आणतो," तो म्हणाला. "लाइन कुठे फोडलीत ते दाखवा मला."

मग स्टूल ओढून तो शेगडीसमोर बसला.

"तोवर शेगडी सोडून कुणी हलायचं नाही."