बेडं नसलेला गडगा

चौऱ्याऐंशी साली आप्पांनी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आंब्याच्या पेट्यांसाठी शेड घेतली आणि मुंबईहून एक जुनी गोल करवत आणली. करवतीबरोबर इंग्रजी पुस्तिका आली. ती कुणी उघडायच्या आत करवत चालवणाऱ्या शिवाची दोन बोटं गेली. शिवा आता पानाची गादी चालवतो. आठ बोटांनीही चुना तेवढाच लागतो, असं तोच सांगतो.

त्याच्या जागी भिकाजी सुतार आला. हातकरवतीने केस उभा चिरील असा माणूस, पण ते पातं गरगरू लागलं की तो दोन पावलं मागे सरे. रोज सकाळी तो मशीनला नमस्कार करी, मग लघवीला जाऊन येई, आणि मग पुन्हा नमस्कार करी.

आप्पा, म्हणजे पावसचे बागायतदार गोपाळकृष्ण, एक दिवस पुस्तिका घेऊन आले.

"भिकाजी, उपाय सापडला. पात्याशेजारी कुंपण घालायचं. फळीचं टोक कुंपणाला टेकवायचं आणि फळी पुढे ढकलायची. दर तुकडा तेरा इंच. खुणा नकोत, वाकणं नको."

"कुंपण म्हंजे आपला गडगाच ना, आप्पा?"

"गडगाच समज."

इथेच घात झाला. भिकाजीला ठाऊक असलेला गडगा जांभ्या दगडाचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. त्याने सागाची जाड पट्टी पात्यापासून बरोब्बर तेरा इंचांवर, टेबलाच्या अलीकडच्या कडेपासून पलीकडच्या कडेपर्यंत ठोकली. अर्ध्या सुताचा फरक नाही. फळी ढकलायला काटकोनी ठोकळा केला, म्हणजे हात पात्यापासून वीतभर लांब.

पहिली फळी सरकली. कापलेला तुकडा पातं आणि पट्टी यांच्यात अडकला, तिरका झाला, किंचाळला आणि भिकाजीच्या कानाजवळून मागे जाऊन पत्र्यात घुसला.

भिकाजीने बटण बंद केलं. बोटं मोजली. दहा भरली. विश्वास बसेना म्हणून परत मोजली.

"कुंपणानंच शेत खाल्लं की रे," आप्पा म्हणाले. भिकाजीला विनोद कळला, पण तो पत्र्यातला तुकडा उपटायला गेला.

दुपारी घरी भात पुढ्यात तसाच निवत होता. बायकोने, सावित्रीने, विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"उद्यापासनं जात नाय मी. शिवाच्या शेजारी गादी टाकतो."

"टाक की. तुझी धा नि त्याची आठ, गिऱ्हाईक तुझ्याकडंच येईल," सावित्री म्हणाली. मग जरा थांबून, "गडगा घातलास, पण भायर जायला बेडं ठेवलंस काय?"

"बेडं कशाला?"

"ढोर आत कोंडलं नि वाट गावली नाय, तर उधळणारच. गडग्याला वाशांचं बेडं काय शोभेला ठेवतात?"

भिकाजीने भातावरून हात काढला, धुतला आणि तो निघाला.

शेडमध्ये त्याने ती पट्टी हातकरवतीने कापून पात्याच्या वीतभर अलीकडेच संपवली. आता फळीचं टोक आधी पट्टीला टेकून माप घेणार, मग पट्टी सोडून पात्याकडे जाणार. कापलेल्या तुकड्याच्या बाजूला मोकळी जागा.

बटण दाबलं. भिकाजीने ठोकळा पुढे रेटला. पातं लाकडात शिरलं. त्याने डोळे मिटायचे टाळले, एवढाच त्याचा पराक्रम. तुकडा सुटला आणि पात्याशेजारी निवांत पडून राहिला. दुसरा तुकडा सुटला, मग तिसरा.

"बघू, बघू," म्हणत आप्पा आनंदाने पुढे आले आणि त्यांनी फिरत्या पात्याजवळचा तुकडा उचलायला हात घातला.

भिकाजीने त्यांचं मनगट धरून मागे खेचलं.

"हात मागं घे, आप्पा. आधी मागं घे."

जन्मात पहिल्यांदा त्याने मालकाला अरे-तुरे केलं होतं. त्याने बटण बंद केलं. पातं थांबायला वेळ लागतो. तोवर दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"आता घ्या," भिकाजी म्हणाला.

आप्पांनी दोन्ही हात धोतराच्या सोग्यात गुंडाळले.

"नको," ते म्हणाले, "तूच दे."