हीटरची गार हवा

गाडी दोनच माणसांची, लाल, आणि इतकी बुटकी की मास्तरीणबाई तिच्यात बसायच्या म्हणजे जवळजवळ आडव्याच व्हायच्या. स्पोर्ट्स कारचं हे खूळ मास्तरांच्या डोक्यात साठीनंतर शिरलं. पस्तीस वर्षं तंत्रशाळेत लेथ यंत्रांच्या खडखडाटात मुलांना काम शिकवलं, आता एवढी एक हौस करू दे, म्हणत त्यांनी ही जुनी गाडी दारात आणून उभी केली. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, आणि ज्या दिवशी आपल्याला तिचं काम जमणार नाही त्या दिवशी ती विकून मोकळं व्हायचं, असं त्यांनी घरात जाहीर करून ठेवलं होतं. मास्तर बोलले की बोलले, हीच तर पंचाईत होती.

उद्या डोंगरापलीकडे लेकीकडे जायचं होतं, म्हणून सकाळपासून इंजिन गार ठेवणारं कूलंट बदलणं चाललं होतं. थंड इंजिनातलं जुनं, तांबूस झालेलं पाणी टबात काढून झालं. नवं गुलाबी कूलंट निम्म्याला निम्मं शुद्ध पाणी मिसळून भरलं. पण खरी मेख पुढेच होती. इंजिनात हवा अडकून राहिली तर पाणी फिरत नाही, आणि चढावर इंजिन तापून कामातून जातं. म्हणून हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करायचं, नळीवरचा छोटा स्क्रू सैल करायचा, आणि बुडबुडे थांबून सलग धार लागली की आवळायचा. शेवटी मास्तर डॅशबोर्डला कान लावत. आत गुळगुळ वाजलं म्हणजे हवा अजून आहे. तापमानाचा काटा फसवेल, कान फसवणार नाही, असं त्यांचं ठाम मत.

आजही त्यांनी कान लावला, गप्प आहे म्हणाले आणि हात पुसायला घेतले.

शेजारच्या सीटवर बसलेल्या मास्तरीणबाईंना मात्र ते गुळगुळणं चांगलं स्पष्ट ऐकू येत होतं.

मास्तरांना दारावरची घंटा ऐकू येत नाही, फोन ऐकू येत नाही, हे त्या वर्षभर बघत होत्या. काही विचारलं की मास्तर हसून नुसते "हो" म्हणायचे. आता खरं सांगावं तर गाडी विकणार, न सांगावं तर चढावर इंजिन जाणार. गाडी गेली की हा माणूस खुर्चीत बसून झुरेल, याची त्यांना जास्त धास्ती होती. त्यांनी डॅशबोर्डच्या जाळीपुढे हात धरून पाहिला आणि मास्तरांची बाही ओढली.

"अहो, इथे हात धरा. हवा गार येतेय."

मास्तरांनी हात धरला. हीटर पूर्ण गरमवर, इंजिन तापलेलं, आणि हवा गार. अडकलेल्या हवेमुळे गरम पाणी हीटरपर्यंत पोचत नाही, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांनी इंजिन बंद केलं. ते निवेपर्यंत तासभर ते एकच पाना पुसत बसले.

मग पुन्हा स्क्रू सैल झाला, पुन्हा कूलंट ओतलं, इंजिन पुन्हा सुरू झालं. खदाखदा बुडबुडे आले, फेस आला आणि अखेर गुलाबी धार लागली. स्क्रू आवळून मास्तर आत येऊन बसले. भर दुपारी जाळीतून गरम वारा तोंडावर येत होता, दोघं घामाने निथळत होते, आणि कुणीच तो बंद करत नव्हतं.

"वाजत होतं ना मघाशी?" मास्तरांनी समोर बघत विचारलं.

मास्तरीणबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"आणि तू मला नुसता हात धरायला सांगितलंस." मास्तरांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "विकायची नाही ही. यापुढे तू ऐकायचं, मी हात लावायचा."

मास्तरीणबाईंना एकदम हलकं वाटलं. थोड्या वेळाने मास्तर स्वतःच म्हणाले, "कानाच्या डॉक्टरची वेळ घेऊन टाक."

त्या त्यांच्या कानाजवळ वाकल्या.

"घेतलीय. गुरुवारची. मागच्या आठवड्यात विचारलं होतं तुम्हाला, तुम्ही हो म्हणालात."