वाचून सांगते

"सगळं एकदम घ्या ना हो बाई! दाबा ते 'सिलेक्ट ऑल' आणि सोडा मला एकदाचं."

खुर्चीच्या टोकावर बसलेला तरुण प्राध्यापक पाय हलवत होता. संशोधन दगडांवर, पण धीर म्हणाल तर नावालाही नाही.

"मी नाही दाबत," आयातबाई म्हणाल्या. "पेपर तुमचे, बोट तुमचं. एकेक बघा आणि म्हणा, माझा की माझा नाही."

"अहो, नाव माझंच आहे ना त्यावर!"

"तुमच्या नावाचे जगात किती जण आहेत, कल्पना आहे? मागे भाषाशास्त्राच्या एक मॅडम अशाच घाईत होत्या. अक्कलदाढेवरचे लेख येऊन बसले त्यांच्या नावावर. वर्षभर जिथं जातील तिथं लोक त्यांना दात दाखवायचे."

तरुण हसला, पाय हलवायचा थांबला आणि निमूटपणे पहिलं शीर्षक वाचू लागला. आयातबाईंनी खुर्ची थोडी मागे घेतली. आता त्यांचं काम फक्त शेजारी बसायचं.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. संस्थेच्या ग्रंथालयात तळमजल्यावर खिडकीजवळ त्यांचं टेबल. संशोधकांनी आयुष्यभर लिहिलेले पेपर कुठल्या कुठल्या मासिकांत विखुरलेले असत. ते गोळा करून प्रत्येकाच्या ऑनलाइन प्रोफाइलमध्ये आणायचे, हे त्यांचं काम. त्याला 'इम्पोर्ट' म्हणत, म्हणून कुणीतरी त्यांना आयातबाई म्हटलं आणि ते चिकटलं. कॉम्प्युटर आपला अंदाज बांधून शीर्षकं पुढे करी आणि विचारी, हे तुमचं आहे का? उत्तर ज्याचं त्यानंच द्यायचं. त्या एका नियमाला आयातबाई अशा धरून होत्या, की संचालकांनी "माझं तुम्हीच करून टाका" म्हटलं तेव्हा त्यांनाही त्यांनी मुकाट्यानं खुर्चीत बसवलं होतं.

खरं सांगायचं तर त्यांना ते बसणं आवडायचं. घाईघाईनं आलेला माणूस पाचव्या-सहाव्या शीर्षकाला थबकायचा. नजर स्क्रीनवरच, पण स्वारी भलतीकडे गेलेली. एकजण म्हणाला होता, हा लिहिला तेव्हा थोरली नुकती चालायला लागली होती, टेबलाखाली बसून माझ्या चपला चावायची. असं काही कुणी बोललं की बाई हूं की चूं करत नसत. स्वतः त्यांनी रजेच्या अर्जाहून मोठं काही लिहिलं नव्हतं. घरी नवरा फ्रिज दुरुस्त करायचा आणि रोज संध्याकाळी विचारायचा, "काय, आज कुणाचा माल उतरवलास?"

दगडवाला गेला आणि धुकेसर आले.

धुकेसरांना सगळी संस्था ओळखायची. शहराबाहेरच्या दरीत धुकं कसं उठतं, कसं चालतं, कुठं जाऊन विरतं, ह्यातच त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. हातातली टोपी चुरगाळत ते उभेच राहिले.

"महिनाअखेरीला जुनी वेबसाइट बंद होते म्हणे?"

"हो सर. मग फक्त नवी प्रोफाइलं राहणार. ज्यांनी स्वतः पेपर तपासून 'माझे' म्हटलेत, तेवढीच. त्या दिवसापर्यंत रिकामी राहिलेली प्रोफाइलं दिसणारच नाहीत. बसा, तुमचं करून टाकू."

"माझं मरू द्या. हिचं करायचंय."

ही म्हणजे त्यांची बायको. दरीत पहाटे जाऊन मोजमापं घ्यायची ती तिनं, आकडे मांडायचे ते तिनं, लिहायचंही बरंचसं तिनं. पण तिला कधी नोकरी मिळाली नाही. जुन्या वेबसाइटवर सरांचं पान होतं, फोटो होता, आणि खाली बारीक अक्षरांत 'व सहकारी'. त्या दोन शब्दांतच काय ती तिची नोंद.

"पेपरांवर नाव आहे तिचं, छापलेलं," सर म्हणाले. "पण स्वतःचं पान कुठंच नाही. मला तिचं पान बघायचंय. वर तिचं नाव आणि खाली तिचं काम. बस, एवढं एकच."

"मग मॅडमना घेऊन या की."

सरांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "येईल हो ती. पण पोचणार नाही."

आयातबाईंना कळायला जरा वेळ लागला.

"विसरते," सर म्हणाले. "आधी किल्ल्या विसरायची. आता घर विसरते. म्हणून म्हणतो, तिच्या नावाचं प्रोफाइल मी उघडलंय, पासवर्ड माझ्याकडे आहे. मीच दाबतो बटणं. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना सर." हे फार कडक झालं असं वाटून बाई लगेच म्हणाल्या, "मी येते घरी. लॅपटॉप घेऊन. गुरुवारी दुपारी मला मोकळं असतं."

घर वरच्या मजल्यावर होतं. पडदे अर्धे ओढलेले, त्यातून येणारा उजेड दुधाळ. सगळ्या दारांवर सरांच्या अक्षरात चिठ्ठ्या: न्हाणीघर, स्वयंपाकघर, बाहेर. बाहेर ह्या शब्दाखाली 'एकटी नको' असंही लिहिलेलं. मॅडम खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, स्वेटरची बटणं मात्र एक घर चुकून लावलेली.

"तू कोणाची गं?" त्यांनी विचारलं.

पन्नाशीच्या बाईला कितीतरी वर्षांनी कुणी असं विचारलं होतं. "ग्रंथालयातली," आयातबाई म्हणाल्या. "तुमचे पेपर लावायला आलेय."

"लाव, लाव." मॅडमनी उदार मनानं हात हलवला.

लॅपटॉप मांडीवरच्या उशीवर ठेवला. सर मागे उभे राहिले. पहिलं शीर्षक आलं ते मेंढ्यांच्या खुरांच्या रोगाचं.

"हे तुमचं का मॅडम?"

"छे गं! आपल्याकडे कुठल्या मेंढ्या?" त्या सरांकडे वळल्या. "अहो, आपल्याकडे मेंढ्या होत्या का हो?"

"नव्हत्या," सर म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला. बाईंनी दाखवलेल्या जागी मॅडमनी बोट टेकवलं आणि मेंढ्या गेल्या. सगळं अगदी सुरळीत होणार असं वाटलं.

मग धुकं आलं. दरीतल्या पहाटेच्या धुक्याची दाटी आणि वाऱ्याची दिशा.

"हे तुमचं ना?"

मॅडमनी शीर्षक वाचलं. पुन्हा वाचलं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण माझं नाही."

पुढचंही त्यांचं नव्हतं. त्याच्या पुढचंही नव्हतं. ह्या वेळी बाईंनी बोट टेकवायची जागा दाखवली नाही; पेपर तसेच रांगेत ठेवले.

"अगं, असं काय करतेस!" सर पुढे आले. "खांब कुणी मोजले? पांढरे खांब रोवले होते आपण दरीत. पहाटे उभी राहून किती दिसतात ते तू मोजायचीस. बोटं गारठायची, पेन्सिल धरवायची नाही, म्हणून मी हातमोजे आणले होते तुला. आठवतंय का?"

मॅडम खिडकीकडे बघत होत्या. "धुकं येतं म्हणतात लोक," त्या सावकाश म्हणाल्या. "येत नाही काही. ते तिथंच असतं, जमिनीत, गवतात. गार झालं की उठून बसतं नुसतं. आणि मग लांबचा खांब आधी जातो. मग त्याच्या अलीकडचा. मग आपल्या पायाजवळचा. घाबरायचं नाही. खांब असतात तिथंच."

आयातबाईंना आपण त्या दरीत उभ्या आहोत असं वाटलं, गळ्यापर्यंत पांढऱ्यात.

"हेच! हेच लिहिलंय यात!" सर जवळजवळ ओरडले. "तूच लिहिलंयस! हो म्हण ना गं. एकदा हो म्हण!"

"मला नका ओरडू," मॅडम म्हणाल्या, आणि सरांच्या तोंडचं पाणीच पळालं. ते भिंतीशी जाऊन उभे राहिले. पाठमोरे होते, पण खांदे दिसत होते.

मॅडमनी आयातबाईंना जवळ ओढलं. "का रडतायत गं हे?"

"हे पेपर तुमचे आहेत असं ते म्हणतात. तुम्ही घेत नाही म्हणून."

"एवढंच होय! मग आधी नाही का सांगायचं?" मॅडम ताठ बसल्या. "आण इकडे. कागदावर आण, ह्या डब्यात मला नाही दिसत नीट. वाचते आणि सांगते. न वाचता मी कशाला हो म्हणत नाही बाई. कुणी काय लिहून ठेवलेलं असेल, नेम नाही."

सरांनी डोळे पुसले आणि हसूच आलं त्यांना. "अशीच होती ही," ते म्हणाले. "माझा मसुदा तीन-तीन दिवस ठेवून घ्यायची. नाकी नऊ आणायची माझ्या."

बाईंनी ग्रंथालयात जाऊन मोठ्या अक्षरांत छापून आणलं. मॅडमनी पेन्सिल मागितली आणि वाचायला बसल्या.

पुढच्या गुरुवारी आयातबाई गेल्या तेव्हा त्या पहिल्या पानावर होत्या. त्याच्या पुढच्या गुरुवारीही पहिल्याच पानावर. वाचायच्या मन लावून, ओळीखाली पेन्सिल सरकवत. पानाच्या तळाशी पोचेपर्यंत वरचं गेलेलं असायचं. मग कपाळाला बारीकशी आठी पडायची आणि त्या पुन्हा वरून सुरू करायच्या. कंटाळा मात्र नाही. प्रत्येक खेपेला तितक्याच उत्सुकतेनं.

"छान लिहिलंय हो," मध्येच मान वर करून म्हणायच्या. "कुणी लिहिलंय?"

"तू," सर म्हणायचे.

"चला, काहीतरीच!" आणि लाजायच्या. सर पुन्हा घड्याळाकडे, कॅलेंडरकडे बघायचे. ह्या महिन्यात ते खंगले होते. सारांश लिहून बघितला, मोठ्यानं वाचून दाखवलं, नुसती आकृती पुढे ठेवली. मॅडमनी त्यांची डाळ शिजू दिली नाही. "मध्ये बोलू नका, माझी ओळ चुकते."

घरी नवरा म्हणाला, "अगं, दाबून टाक ना तूच! पेपर तिचेच आहेत हे तुला माहीत, त्याला माहीत. चोरी का आहे ती?"

"चोरी नाही रे."

"मग?"

बाईंनी उठून ताटं घेतली. त्यांना हल्ली स्वप्नात धुकं दिसे. त्यात त्यांचं टेबल असे, समोर कुणीतरी बसलेलं असे, चेहरा दिसत नसे, आणि आपण विचारतो आहोत, हे तुमचं का? उत्तर यायच्या आत जाग यायची, आणि दिवसभर चुटपुट लागून राहायची.

शेवटचा दिवस गुरुवार नव्हता, पण बाई अर्धी रजा टाकून गेल्या. जुनी वेबसाइट संध्याकाळी बंद होणार होती. जिने चढतानाच त्यांनी ठरवलं होतं. मॅडमचं पान दिसल्यावर सरांचा चेहरा कसा होईल, तेवढंच डोळ्यांपुढे होतं. नियम गेला खड्ड्यात.

सरांनी दार उघडलं. दाढी केलेली नव्हती. आत मॅडम खिडकीशी वाचत होत्या. पानं आता मऊ पडली होती, समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. बाईंना बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि पुन्हा मान खाली घातली.

बाईंनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. मॅडमचं नाव वर होतं आणि खाली सगळं कोरं. बाजूला पेपर रांगेत थांबलेले. सर शेजारी येऊन उभे राहिले.

"सर," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी दाबते. तुम्ही काही बोलू नका. काय पाप लागायचं ते माझ्या माथी."

बोट बटणावर गेलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्याच्या उत्तरावर त्यांचं बोट होतं. सरांची नजर स्क्रीनवर नव्हती, खिडकीकडे होती. तिथं मॅडम एका ओळीशी अडल्या होत्या. ओठ हलत होते. त्यांनी डोकं हलवलं, एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, आणि मान तिरकी करून तो बसतोय का ते बघू लागल्या.

"थांबा," सर म्हणाले.

"सर, संध्याकाळी बंद..."

"माहीत आहे." आवाज घोगरा झाला होता, पण शांत होता. "नका दाबू. तिचं वाचून व्हायचंय अजून."

बाईंनी बोट मागे घेतलं. मग लॅपटॉप मिटला, आवाज होणार नाही असा. आपल्याला रडू येतंय हे त्यांना उशिरा कळलं आणि त्या तशाच बसून राहिल्या.

मॅडम पानाच्या तळाशी आल्या. अंगठा कोपऱ्याशी गेला, पान जरासं उचललं गेलं. दोघंही बघत राहिले. मग ती बारीकशी आठी पडली, पान खाली बसलं, आणि पेन्सिल पुन्हा वर, पहिल्या ओळीपाशी गेली. त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, हे छान लिहिलंय हं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लगेच हवंय का परत?"

सरांनी एक खुर्ची ओढून त्यांच्याजवळ नेली आणि बसले.

"नाही," ते म्हणाले. "सावकाश वाच. कुणालाही घाई नाही."